नाशिकच्या वाटेवरचा दुसरा गिअर

नाशिकला लोक पुण्य जोडायला जातात. कुणी रामकुंडात बुडी मारतो, कुणी काळारामापुढे हात जोडतो, कुणी त्र्यंबकेश्वराची वाट धरतो. मीही या सगळ्या ठिकाणी यथाशक्ती हजेरी लावली आहे. पण १९८६ च्या दिवाळीत नाशिकने माझ्या पदरात जे टाकले, ते मला द्वारकेच्या नाक्यावर मिळाले. ही द्वारका श्रीकृष्णाची नव्हे! मुंबई-आग्रा रस्त्याला पुण्याचा रस्ता जिथे येऊन मिळतो, तो नाशिकचा गजबजलेला चौक. त्या चौकाजवळ एका पत्र्याच्या गॅरेजात, रॉकेलने भरलेल्या परातीपुढे उकिडवा बसून मी जे शिकलो, ते वाचकांना सांगावे म्हणून हा खटाटोप. त्यात थोडी मोटारविद्या आहे, थोडे नाशिक आहे आणि थोडी माझी फजितीही आहे. फजितीचा भाग वाचकांना अधिक आवडेल, हे मी जाणून आहे.

त्या वेळी आम्ही दादरला राहत होतो. तीन वर्षांपूर्वी मी एक जुनी फियाट विकत घेतली होती. १९६८ सालची, 'डिलाइट' नावाची, दुधी रंगाची. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली. त्यामुळे पुढच्या सलग बाकावर तिघे बसत आणि मागे लेकरे, बोचकी, फराळाचे डबे असे सारे मावे. चाळीत ती पहिली मोटार. रविवारी सकाळी मी तिला बादलीभर पाण्याने न्हाऊ घाली, तेव्हा गॅलरीतून चार डोकी डोकावत. मला ते फार आवडे, हे कबूल केले पाहिजे.

गाडीला एक खोड होती. दुसऱ्या गिअरमध्ये ती कण्हल्यासारखा आवाज करी, आणि खाली लावलेल्या जागेवर सकाळी तेलाचे दोन काळे ठिपके दिसत. मी ठिपक्यांखाली पुठ्ठ्याचा तुकडा टाकला. तेवढ्याने माझे समाधान झाले. सौ.चे झाले नाही.

"अहो, हे तेल गळतं कुठून?" तिने विचारले.

"जुनी गाडी आहे. थोडं गळायचंच."

"मग गळतं तेवढं परत भरतं कोण?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. गल्लीतल्या मेकॅनिकला गाडी दाखवली. तो म्हणाला, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल. चारशे रुपये बाजूला ठेवा." सौ.ने घरखर्चातून बाजूला ठेवलेले चारशे रुपये मोजून माझ्या हातात दिले. दिवाळीच्या पाडव्याला आईला घेऊन नाशिकला जायचे ठरले होते. पंचवटीत माझे मामा राहत. बरीच वर्षे आईची भाऊबीज पत्रातूनच झाली होती. यंदा ती भावाला समोर बसवून ओवाळणार होती. गाडी त्याआधी नीट व्हायला हवी, एवढेच सौ.चे म्हणणे.

आता फजितीचा भाग सुरू होतो. ते चारशे रुपये गिअरबॉक्सपर्यंत पोचलेच नाहीत. वाटेत एका दुकानात मोटारीत बसवायचा टेपरेकॉर्डर टांगलेला होता. शेजारी सीटची लाल कव्हरे होती. मी मनाशी हिशेब केला: गिअरबॉक्स कुणाला दिसतो? टेप ऐकू येतो, कव्हरे डोळ्यांत भरतात. आणि कण्हण्याचा आवाज तर टेप लावला की ऐकूही येत नाही! घरी गेलो. "गिअरबॉक्सचं काम झालं?" सौ.ने विचारले. "झालं," मी म्हणालो. "आणि टेप?" "तो मित्राकडून स्वस्तात मिळाला." एका खोट्याला दुसरे खोटे जोडावे लागते, याचा अनुभव वाचकांना असेलच, नसेल तर ते भाग्यवान आहेत.

पाडव्याच्या सकाळी अभ्यंगस्नान, फराळ उरकून आम्ही निघालो. पुढे मी, सौ. आणि मांडीवर धाकटा. मागे आई, थोरली मुलगी आणि ओवाळणीचे ताट. ठाणे गेले, भिवंडीचा फाटा गेला, शहापूर मागे पडले. शेतात भात कापून ठेवलेले. हवेत गारवा. टेपवर गाणी. खर्डी ओलांडल्यावर सह्याद्रीची भिंत समोर उभी राहिली आणि कसारा आले.

कसाऱ्याचा घाट म्हणजेच थळघाट. आगगाडीने नाशिकला जाणाऱ्यांना तो वेगळ्या तऱ्हेने माहीत असतो. कसारा स्टेशनात गाडी थांबते आणि तिच्या पाठीमागे आणखी इंजिने जोडली जातात. त्यांना रेल्वेतले लोक 'बँकर' म्हणतात. १८६५ साली हा लोहमार्ग खुला झाला. सुमारे १५ किलोमीटरमध्ये तो जवळजवळ ३०० मीटर उंची चढतो; सर्वांत कठीण जागी ३७ फूट पुढे गेले की एक फूट वर, असा त्याचा चढ आहे. रेल्वेला चढ जड गेला तर ती आणखी इंजिन जोडते. आमच्या फियाटला बँकर कोण जोडणार? मोटारीला आपल्या एकाच इंजिनातून जोर काढावा लागतो, आणि त्यासाठीच गिअर असतात. गिअर म्हणजे सावकारी व्यवहार: वेग गहाण टाकायचा आणि जोर उसना घ्यायचा. चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचा एक फेरा म्हणजे मागच्या लांब दांड्याचाही एकच फेरा. पहिल्या-दुसऱ्यात इंजिन पुष्कळ फिरते, चाके थोडी फिरतात, पण फिरतात ती रेटून.

मी दुसरा गिअर टाकला. टेपचा आवाज वाढवला. दोन वळणे चढलो. तिसऱ्या वळणावर 'खट्' असा आवाज झाला आणि गिअरचा दांडा माझ्या हातावर आपटून आपोआप मधोमध येऊन बसला. दुसरा गिअर सुटला होता. इंजिन उगाच किंचाळू लागले आणि गाडी क्षणभर जागीच थबकली. मग मागे सरकू लागली.

अशा वेळी माणसाने ब्रेक दाबावा, हे दोन वर्षांच्या पोरालाही कळते. मी घाबरून क्लच दाबला! गाडी हात-दोन हात, मग पुरुषभर मागे गेली. मागून ट्रकचा भोंगा सुरू झाला. मागच्या सीटवर ताट खणखणले. आई "अरे बाळ!" एवढेच म्हणाली. तेव्हा कुठे माझा पाय ब्रेकवर गेला. मागच्या काचेत ट्रकचे तोंड एवढे मोठे दिसत होते, की त्याच्या पाटीवरची अक्षरे मला आजही आठवतात.

ट्रकचा क्लीनर उडी मारून आला. त्याच्या हातात लाकडी ठोकळा होता. तो त्याने आमच्या मागच्या चाकाला लावला. माझ्या आधी सौ. धाकट्याला कडेवर घेऊन खाली उतरली होती आणि दुसऱ्या चाकाखाली दगड सरकवत होती. तिचे हात थरथरत नव्हते. माझे थरथरत होते. ट्रकचे सरदारजी खाली आले. त्यांनी गिअरचा दांडा हलवून पाहिला, टेपकडे पाहिले, लाल कव्हरांकडे पाहिले आणि मान हलवली. "पहिल्या गिअरमध्ये चढवा आणि दांडा हाताने धरून ठेवा. आम्ही मागे आहोत," असे त्यांनी हिंदीत सांगितले. असा आमचा बँकर जोडला गेला!

पहिल्या गिअरमध्ये, एका हाताने दांडा दाबून, बैलगाडीच्या चालीने आम्ही तो घाट चढलो. दोनदा रेडिएटर उकळला. घाटमाथ्यावर घाटनदेवीच्या देवळापाशी सगळे ट्रक थांबतात, तिथे आम्हीही थांबलो. आईने देवीला नारळ फोडला आणि परत येऊन मला विचारले, "गाडी दाखवून घेतली होतीस ना रे?" मी सौ.कडे न बघता "हो" म्हणालो. त्या देवीच्या दारात!

इगतपुरी, घोटी, गोंदे, विल्होळी. सपाटीवर तिसरा-चौथा गिअर ठीक चालत होता. पांडवलेण्यांचा डोंगर दिसला, तेव्हा मुलीने लेणी पाहायचा हट्ट धरला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली ती चोवीस लेणी त्या दिवशी आमच्यासाठी थांबू शकत होती. दुसरा गिअर थांबू शकत नव्हता. दिवेलागणीला पंचवटीत मामांच्या वाड्यापाशी पोचलो. आईने दारातच भावाला पाहिले आणि दोघे काही न बोलता बराच वेळ नुसते उभे राहिले. मामा पुष्कळ थकले होते. मला त्या क्षणी घाटातला ट्रक दिसला आणि अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. मामांच्या सांगण्यावरून मी सकाळीच गाडी द्वारकेवरच्या गॅरेजात नेली. मालक एक म्हातारे उस्ताद होते. दाढी पांढरी, हाताच्या रेषा काळ्या. आग्रा रोडवरचे ट्रक दुरुस्त करता करता त्यांची उमर गेली होती. "पोरं सगळी भाऊबीजेला बहिणींकडे गेली," ते म्हणाले. "गिअरबॉक्स एकट्यानं उतरत नाही. तुम्ही पाने द्याल तर आज उतरवतो. नाहीतर चार दिवस थांबा." मी बाह्या सरसावल्या.

आधी त्यांनी गाडीला एक चक्कर मारली. बसल्या बसल्या पहिले काम केले ते टेप बंद करण्याचे. "साहेब, गाडी बोलते. तुम्ही तिच्या तोंडावर बोळा कोंबला," ते म्हणाले. मग गाडी सपाटीवर उभी करून, गिअरबॉक्सच्या कुशीत असलेला एक बोल्ट उघडला आणि त्या भोकात करंगळी घातली. करंगळी कोरडी बाहेर आली.

"नदीवरचा दुतोंड्या मारुती पाहिला का?" त्यांनी विचारले. नाशिककर गोदावरीचा पूर त्या मूर्तीवर मोजतात. पाणी गुडघ्याला आले, कमरेला आले, गळ्याशी आले, हीच त्यांची परिमाणे. "हे भोक म्हणजे गिअरबॉक्सचा मारुती. तेल या भोकाच्या काठापर्यंत पाहिजे. वर नको, खाली नको. तुमचा मारुती पार कोरडा आहे."

खालचा बोल्ट काढला, तेव्हा जेमतेम पेलाभर काळा रस परातीत पडला. उस्तादांनी तो उन्हात धरून हलवला. काळ्या रसात सोन्यासारखे कण चमकत होते. "हे पितळ," ते म्हणाले, "आणि हे," त्यांनी बोटावर टोचणारा एक कण घेतला, "हे पोलाद. पितळ दिसलं तर समजा रिंग झिजते. पोलाद दिसलं तर समजा दात झडले." माणसाच्या रक्ताची तपासणी करून डॉक्टर निदान करतात, तसे हे निदान होते.

दुपारपर्यंत मागचा लांब दांडा सुटला, बोल्ट निघाले आणि गिअरबॉक्स आमच्या दोघांच्या छातीवरून खाली उतरला. उस्तादांनी तो उघडून एकेक भाग रॉकेलच्या परातीत टाकला. ते धुण्याचे काम माझे. धुता धुता ते सांगत गेले आणि मी ऐकत गेलो.

गिअरबॉक्सात दातांची चाके सदैव एकमेकांत गुंतून फिरतच असतात. आपण दांडा हलवतो, तेव्हा चाके हलत नाहीत. त्यांच्यामधली एक बाही सरकते आणि हव्या त्या चाकाला मुख्य दांड्याशी कुलूप लावते. पण दांडा एका वेगाने फिरतो आणि चाक दुसऱ्या. एकदम कुलूप लावले तर 'खर्रर्र' होते. चालती बस पकडणारा मुंबईकर काय करतो? आधी बसबरोबर चार पावले धावतो, वेग जुळला की मग पाय टाकतो. ही चार पावले धावण्याचे काम पितळेची रिंग करते. तिचा आतला उतार चाकाच्या उताराला घासतो, दोघांचा वेग एक होतो, आणि मग दात अलगद बसतात. फियाटच्या पहिल्या गिअरला ही रिंग नव्हती. म्हणून तिच्यात पहिला टाकायचा तर गाडी उभी करूनच टाकावा, नाहीतर डबल क्लच मारावा. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनाला थोडा पुरवठा, पुन्हा क्लच आणि मग गिअर, असा तो प्रकार. उस्तादांनी तो मला जमिनीवर बसून, परातीलाच स्टिअरिंग समजून शिकवला.

"मग गिअर सुटला का?" मी विचारले.

त्यांनी एक छोटी पोलादी गोळी आणि एक स्प्रिंग माझ्या तळहातावर ठेवली. गिअर बसला की ही गोळी दांडीच्या खाचेत बसते आणि त्याला जागेवर धरते. आमची स्प्रिंग मेली होती. बेअरिंगमध्ये खेळ आला होता. कुलपाचे दात बोथट झाले होते. चढावर भार पडताच बाही मागे सरकली. "हे एका दिवसात झालं नाही," ते म्हणाले. "तेल कमी, त्यात घासणं. पुन्हा तुमचा हात सदा गिअरच्या दांड्यावर असणार. हाताचं वजन आतल्या फोर्कवर पडतं. आणि पाय सदा क्लचवर. बरोबर?"

दोन्ही बरोबर होते. मी मान खाली घातली.

नेमकी याच वेळी सौ. मामींनी दिलेला जेवणाचा डबा घेऊन दारात उभी राहिली. उस्तादांनी तिला पाहिले नसावे. "याला कुणी हातसुद्धा लावलेला नाही, साहेब," ते सहज बोलून गेले. "तीन-चार वर्षं तर नक्कीच नाही."

सौ.ने परातीकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. मग शांतपणे डबा बाकावर ठेवला आणि म्हणाली, "दोन माणसांचं आहे. उस्तादांनाही वाढा." आणि ती निघून गेली. वाचकहो, ती चिडली असती तर मला फार बरे वाटले असते.

रिंग आणि बेअरिंग नाशिकला मिळाले नाही. मुंबईच्या ऑपेरा हाऊसच्या बाजारातून एसटीच्या पार्सलने ते यायला दोन दिवस लागणार होते. त्या दोन दिवसांत मी नाशिक पायी पाहिले. आणि मोटारीने पाहिलेले नाशिक म्हणजे काहीच नव्हे, हे मला कळले. सकाळी काळ्या रश्श्याची मिसळ, मग नदी. नारोशंकराच्या देवळावरची ती थोरली घंटा मी पूर्वी नुसती पाहिली होती. वसईच्या विजयानंतर पोर्तुगिजांकडून आलेली म्हणून तिची ख्याती. यंदा तिच्याकडे बघताना वाटले, हीही मिश्रधातूचीच. योग्य मिश्रण साधले म्हणून इतकी वर्षे टिकली. भांडी बाजारात तांब्या-पितळेचे हंडे, घंगाळी, समया यांच्या राशी लागल्या होत्या. नाशिकची ही कारागिरी जुनी. ठोक्यांचा तो अखंड आवाज ऐकत उभा असताना वाटले, उस्ताद तरी दुसरे काय करतात? यांचे पितळ देवघरात लखलखते, त्यांचे पितळ अंधारात, तेलात बुडून मरते.

आणि नाशिक केवळ देवांचे गाव नाही, हेही त्या दोन दिवसांत ध्यानात आले. मामांचा शेजारी ओझरच्या विमान कारखान्यात होता. १९६४ पासून तिथे मिग विमानांचे काम सुरू झाले. सातपूर, अंबडला कारखान्यांची वसाहत उभी राहिली होती; पुढे याच नाशिकमधून महिंद्र कंपनीच्या बोलेरो, स्कॉर्पिओ गाड्या देशभर गेल्या. रामकुंडावर सकाळी स्नान करून सात वाजता पाळीवर जाणारी माणसे मी तिथे पाहिली. हजारांश इंचाची चूक चालत नाही असे काम करणारे हात आणि गोदावरीला अर्घ्य देणारे हात एकच होते.

दुसऱ्या संध्याकाळी नदीच्या काठी, दुतोंड्या मारुतीसमोर आम्ही दोघेच बसलो होतो. मुले मामांकडे. मी म्हणालो, "ते चारशे रुपये..."

"टेपला गेले. ठाऊक आहे," सौ. म्हणाली. "दुकानाची पावती तुमच्या सदऱ्याच्या खिशात होती. धुताना सापडली."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"वाटलं, तुम्ही सांगाल. निघायच्या आधी तरी सांगाल." थोडा वेळ ती पाण्याकडे बघत राहिली. "घाटात गाडी मागं गेली, तेव्हा मला तुमचा राग आला नाही. माझाच आला. मला माहीत होतं आणि मी आईंना आणि पोरांना गाडीत बसू दिलं."

यावर मी काय बोलणार? पैशांचे खोटे सहज भरून निघते. पण माझ्या खोट्यात मी तिलाही सामील करून घेतले होते, हे मला त्या काठावर पहिल्यांदा दिसले. रात्री मी आईला सगळे सांगितले. आई म्हणाली, "घाटनदेवीला खोटं बोललास. जाताना कान पकड." आणि मामांकडे वळून दुसरे काहीतरी बोलू लागली. आया अशाच शिक्षा करतात.

तिसऱ्या दिवशी पार्सल आले. गिअरबॉक्स बसला. उस्तादांनी नव्वद नंबरचे तेल भोकाच्या काठापर्यंत भरले आणि बजावले की मागच्या डिफरन्शियलचे जहाल तेल गिअरबॉक्सात कधी घालायचे नाही, ते पितळ खाते. पुढे मी याचा शोध घेतला, तेव्हा ते खरे निघाले. भारी दाब सोसणाऱ्या तेलांत गंधकाची द्रव्ये असतात. पोलादाला ती वाचवतात, पण गरम झाल्यावर त्यांतली काही पितळ-तांब्याला चावतात. म्हणून डब्यावरचा आकडा पाहावा. 'जीएल-४' आणि 'जीएल-५' यांत एकाच अंकाचा फरक दिसतो. पितळेच्या रिंगेला मात्र तो जन्माचा फरक असतो. गाडीच्या पुस्तिकेत जे सांगितले असेल, तेच घालावे.

बिल साडेसहाशे रुपये झाले. मामांकडून उसने घेतले. निघताना उस्तादांनी झिजलेली जुनी रिंग कागदात बांधून सौ.च्या हातात दिली. माझ्या हातात दिली नाही. आणि मला म्हणाले, "उतरताना लक्षात ठेवा. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करू नका. न्यूट्रल केली की गाडी ब्रेकच्या भरवशावर राहिली. आणि ब्रेक तापले की ते भरवशाचे राहत नाहीत."

घाटनदेवीपाशी मी कान पकडले. मुलांना फार मजा वाटली. मग दुसरा गिअर टाकून घाट उतरू लागलो. इंजिन गाडीला मागून धरून ठेवत होते, जसा बाप पोराचा हात धरून उतार उतरतो तसे. ब्रेकला अधूनमधूनच पाय लागत होता. दांडा जागचा हलला नाही. धाकट्याने गाण्यासाठी हट्ट धरला, तेव्हा सौ. म्हणाली, "थांब रे. गिअरचा आवाज ऐकू दे."

ती फियाट आणखी अकरा वर्षे आमच्याकडे होती. सौ.च्या वाणसामानाच्या वहीत शेवटच्या पानावर एक रकाना असे: गिअरचे तेल पाहिले, तारीख. दर पावसाळ्यानंतर ती करंगळी घालायला लावी. क्लचच्या पायट्यावर थोडा खेळ आहे की नाही, सिग्नलला मी अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरतो की न्यूट्रल करून उभा राहतो, यावर तिची नजर असे. दुसऱ्यांदा तो गिअरबॉक्स उघडावा लागला नाही. मामा त्यानंतर दोनच दिवाळ्या होते. दोन्ही भाऊबिजांना आई त्याच गाडीतून गेली.

आता काळ बदलला. फियाटचा 'पद्मिनी' अवतारही संपला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून त्या जातीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीही निवृत्त झाल्या. माझ्या मुलीची गाडी आपोआप गिअर बदलते. "बाबा, हिला काही बघावं लागत नाही," ती म्हणाली. मी पुस्तिका उघडून दाखवली. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीतही तेल असते, साध्या गिअरच्या तेलापेक्षा पातळ. ते तापते, जुने होते, आणि चुकीचे घातले तर घात करते. काही गाड्यांत तर साधाच गिअरबॉक्स आणि साधीच क्लचप्लेट असते, फक्त ती दाबायला पायाऐवजी यंत्र असते. चढावर नुसत्या अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की तीही जळते. विजेच्या गाडीला गिअर बदलावा लागत नाही, पण दातांची चाके तिलाही चुकलेली नाहीत. घाट उतरताना खालचा गिअर धरायची सोय आपोआपवाल्या गाडीतही असते. दांड्यावरची ती खूण बहुतेकांनी कधी वापरलेली नसते.

मागच्या वर्षी तिच्याबरोबर नाशिकला गेलो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. इगतपुरी-कसाऱ्याच्या डोंगरातून सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे. काही मिनिटांत गाडी पलीकडे. घाट कधी आला, कधी गेला, कळलेच नाही. नात म्हणाली, "आजोबा, तुमचा तो घाट कुठं आहे?" मी वर बोट दाखवले. तो आमच्या डोक्यावर होता.

परतताना मी मुलीला म्हटले, "आज जुन्या रस्त्यानं जाऊ." घाटनदेवीपाशी थांबलो. खाली उतरताना मुलीने सवयीने गाणी लावली. मागच्या सीटवरून तिच्या आईचा आवाज आला, "अगं, जरा बंद कर ते."

ती पितळेची रिंग आजही आमच्या घरी आहे. सौ.च्या हिशेबाच्या वहीवर ती वजन म्हणून ठेवलेली असते. दिवाळीला घरातली तांब्या-पितळेची भांडी निघतात, चिंचेने घासली जातात, तेव्हा तीही घासली जाते. घासणारा मी असतो.